हायपो म्हणजे खाली

"या बाईंना नसांचा आजार कधी जडला?"

मी मान वर केली. सूक्ष्मदर्शकावर काम करणारा तंत्रज्ञ, ज्याला सगळे मास्तर म्हणत, मी टाइप केलेला रिपोर्ट घेऊन उभा होता. प्रयोगशाळेत लागून मला तीनच दिवस झाले होते... आणि पहिल्या महिन्यात चुकलात तर घरी, असं प्रयोगशाळेच्या मालकीण मॅडमनी बजावलेलं.

"नेफ्रायटिसचं न्यूरायटिस केलंत. नेफ्रॉस म्हणजे मूत्रपिंड, न्यूरॉन म्हणजे नस."

"माझं इंग्रजी कच्चं आहे हो." मी म्हणाले.

"हे इंग्रजी कुठलं? ग्रीक आहे. इंग्रजांनाही परकंच." तो हळूच हसला. "तोडून वाचा. मग शब्द भीती घालत नाही."

तेव्हापासून रोज जेवणाच्या सुट्टीत तो एक शब्द आणायचा. आम्ही तो डब्याशेजारी ठेवून सोलायचो. हायपर म्हणजे वर, हायपो म्हणजे खाली. ग्लायकिस गोड, हायमा रक्त. तो समजावताना मी शब्दाकडे कमी आणि त्याच्या बोटांकडे जास्त बघायचे...

एकदा तो रजेवर होता. टाइप करायला दिलेल्या डॉक्टरांच्या रेकॉर्डिंगमध्ये 'हायपरग्लायसेमिया' ऐकू आलं, पण समोर साखरेचा आकडा होता बेचाळीस. हायपर? मग आकडा खाली कसा? मी धावत मॅडमकडे गेले. ज्यांचा रिपोर्ट होता ते आजोबा बाहेर बाकावरच घाम पुसत बसले होते. त्यांना लगेच साखरेचं पाणी पाजलं. थोड्या वेळाने ते नीट बोलू लागले.

मॅडमनी त्याच आठवड्यात मला कायम केलं.

मास्तर आला तेव्हा मी म्हणाले, "तुमच्यामुळे एक माणूस वाचला. माझी नोकरीही. आभार कसे मानू?"

तो डब्याचं झाकण फिरवत म्हणाला, "खरं सांगू? मला ग्रीक येत नाही. पहिल्या दिवशी जेमतेम दोन-तीनच शब्द माहीत होते. बाकीचे रोज आदल्या संध्याकाळी पाठ करायचो... तुमच्या टेबलाशी यायला काहीतरी निमित्त हवं होतं."

मला हसू आलं, आणि डोळेही भरून आले. माझ्यासाठी आजवर कुणी काही पाठ केलं नव्हतं.

"उद्याचा शब्द कुठला?"

"आज काहीच पाठ केलं नाही," तो ओशाळून म्हणाला.

"नको करूस," मी म्हणाले. 'तुम्ही' कधी गळून पडलं, कळलंच नाही. "उद्या तसाच ये."