ई-कॅडहेरिन आणि गजेंद्र

“मी सकाळपासून उपाशी बसलेय, आणि तुम्ही समोर खुशाल थेपला खाताय?”

धनश्रीच्या आवाजाने समोरच्या बाकावरचा तरुण दचकला. मग डबा झाकत ओशाळं हसला. “माफ करा. मला दर दोन तासांनी खावंच लागतं.”

सुरतच्या त्या रुग्णालयात धनश्री दुर्बिणीच्या तपासणीसाठी आली होती. आई आणि मावशी, दोघी पोटाच्या कॅन्सरने गेलेल्या. म्हणून डॉक्टरांनी तिचं रक्तही तपासायला पाठवलं होतं. तिला स्वतःला काहीच होत नव्हतं. शहराच्या टोकाला, भेस्तानला घरी बसून ती साड्यांच्या भरतकामाची डिझाइनं करायची. वय सव्वीस.

पोट स्वच्छ निघालं. तिने सुस्कारा सोडला… तेवढ्यात डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट उघडला.

“पेशींना एकमेकींना धरून ठेवणारं एक प्रथिन असतं, ई-कॅडहेरिन. ते बनवणाऱ्या जनुकातच दोष आहे. पेशी सुटतात, एकेकट्या आत पसरतात. असा कॅन्सर गाठ करत नाही, दुर्बिणीला दिसत नाही. पोटाची पिशवी काढून टाकणंच बरं.”

धनश्रीला पुढचं ऐकूच आलं नाही. बाहेर येऊन तिने सोबत आलेल्या शोभाआत्याला कसंबसं सांगितलं.

“पोटच काढी टाकतीन? मंग पोर जेवई कशी?” आत्याने हंबरडा फोडला.

“माझ्यासारखी,” मागून आवाज आला. तोच… थेपलावाला!

“म्हणजे… तुम्हाला—”

“पिशवी नाही. दोन वर्षं झाली. हाच दोष. मी गजेंद्र, बारडोलीच्या साखर कारखान्यात केमिस्ट आहे.”

धनश्री त्याच्या शर्टाकडे, पोटाच्या जागी, बघतच राहिली. तो हळूच म्हणाला, “वरून कळत नाही हो!” त्या क्षणीही तिला हसू फुटलं.

मग दोघांचे फोन सुरू झाले. आधी शंका, मग चेष्टा… ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, कळलंच नाही.

ऑपरेशन झालं. आठवड्याने काढलेल्या पिशवीचा रिपोर्ट आला, आणि सगळे सुन्न झाले. त्या स्वच्छ पिशवीत चार जागी कॅन्सर होता! अगदी वरच्या थरात, वेळेत निघाला. तिने फोनवर गजेंद्रला सांगितलं. तासाभरात तो बारडोलीहून तिच्या खाटेपाशी हजर… हेल्मेटसकट.

“चार जागी, धनू?” एवढंच म्हणाला, आणि आत्यादेखत त्याने तिचा हात घट्ट धरला.

तीन महिन्यांनी, तिच्या घराच्या गच्चीवर, त्याने विचारलं, “रविवारी डुमसला येशील? समुद्रावर?”

तिने मान फिरवली. “नको, गजेंद्र. तुझ्यात तोच दोष, माझ्यात तोच… उद्या मुलांचं काय?”

तो खळखळून हसला. “अगं, मी डुमसला विचारलं… तू थेट बारशाला पोचलीस!”

धनश्रीने तोंडावर हात ठेवला. काय बोलून गेलो आपण! कान नुसते तापले.

“मुलांचं डॉक्टरांना विचारू,” आता तो हसत नव्हता. “दत्तकही घेता येतं. पण तू हवीस… ते मी कुणाला विचारणार नाही.”



“आत्याला विचारावं लागेल,” ती पुटपुटली. “तिला मी सांगते. तू फक्त… रविवारी लवकर ये.”