आवाज नसलेलं रडणं

बुधाजी भोईरांच्या नागूचं लग्न १९६१ सालचं. कडावला भातगिरणी आली तीही त्याच वर्षी, लग्नाच्या मागोमाग. पुढल्या साली दिवाळीनंतर नागूच्या बायकोला, जयाला, मुलगा झाला. गजा नाव ठेवलं. माघ लागला, बाळ-बाळंतीण दोघंही आजारी पडली, आणि त्या घरात कुणीतरी विष घालतंय अशी बोलवा उठली.

बुधाजी स्वतः कर्जतला सहदेव मोकलकडे आला. सहदेव खाजगी तपास करायचा. त्याआधी फौजेच्या धान्यकोठारावर होता, ब्रह्मदेशापर्यंत जाऊन आलेला.

"ठाकरवाडीची चिंधी सुईण सुनेला मुळी उगाळून देते. तीच विष घालतेय," बुधाजी म्हणाला. "सांजच्याला गाव तिची झोपडी मोडणार हाय. सहदेवराव, त्याआधी पुरावा द्या. म्हंजे पोलिसांत देता येईल."

सहदेवनं सायकल काढली. मागं त्याचा सोबती वाल्मिक बसला.

बाळंतखोलीत गजा तोंड उघडून रडत होता. चेहरा लाल, पोट धपापतंय, पण आवाज नाही.

"हे रडतंय का जांभई देतंय?" वाल्मिकनं विचारलं.

"गप रं," सहदेव म्हणाला. त्यानं जयाच्या सुजलेल्या पायावर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला.

"काय होतं पोरी?"

"मुंग्या येतात पायाला. दारापर्यंत गेले तरी दम लागतो."

"खातेस काय?"

उत्तर सासूनं दिलं. सोनुबाई म्हणाली, "पथ्य पाळतेय मी तिचं. डाळीनं बाळाचं पोट फुगतं, म्हावरं गरम, नाचणी जड. पांढराशुभ्र भात आन् तूप-मीठ. गिरणीतून दोनदा काढून आणते, तीन पाण्यांत धुते. शिजला की वरचं पाणी वेळून काढते, भात कसा मोकळा!"

"अजून पथ्य?"

"अंगावर पितंय ना पोर. मग?"

परसात दोन कोंबड्या मान मागं टाकून पडल्या होत्या. थोरली सून मैना तिथं भांडी घासत होती.

"या जयाच्या पानातला उरलेला भात खायच्या," ती म्हणाली. "तेवढाच. दुसऱ्या कोंबड्या उकिरड्यावर चरतात, त्यांना काय नाय झालं. भात मीच रांधते, म्हणून सासू माझ्याकडं पण बघाया लागलीय."

वाल्मिक सहदेवच्या कानाशी लागला. "झालं की! विष भातात. रांधणारी हीच."

"म्हैस काय खाते गं?" सहदेवनं मैनाला विचारलं.

"गिरणीतला कोंडा. आन् भाताचं वेळलेलं पाणी."

म्हैस चकचकीत होती.

"तुझ्या पोरांच्या वेळी सुईण कोण होती?"

"चिंधीच. मुळी पण हीच. माझी दोन्ही पोरं खणखणीत. पण तवा गिरणी कुठं होती? हात तुटेस्तवर उखळात भात सडायचो आमी."

सहदेवनं नागूला बोलावलं, त्याच्या कानात काही सांगितलं आणि कर्जतच्या डॉक्टरकडे पिटाळलं. मग सारखा रस्त्याकडे बघू लागला. बसवेना त्याला.

ऊन उतरलं तशी अंगणात माणसं जमली. काहींच्या हातात कोयते. चिंधीला धरून आणलं होतं.

"दादा, मी नाय काय केलं," ती म्हणाली.

सहदेवनं तिच्या चंचीतली मुळी घेतली आणि कचाकचा चावून गिळली. वाल्मिकनं कपाळाला हात लावला. "अरं, पुरावा खाल्लास!"

"कडू आहे, विषारी नाही. मैनानं हीच खाल्ली होती," सहदेव म्हणाला. "आता ऐका. भातात विष असतं तर त्याचं पाणी पिणारी म्हैस आधी आडवी झाली असती. ती तर चकाकतेय. म्हणजे भातात काही घातलेलं नाही. भातातून काढून घेतलंय."

"काय काढलं?" बुधाजीनं विचारलं.

"तांदळाच्या तांबूस सालीत एक जीवनसत्त्व असतं. त्याच्यावाचून खाल्लेल्या भाताची ताकद अंगाला लागत नाही. नसा आणि काळीज ढिलं पडतं. गिरणीनं ती साल काढली. उरलंसुरलं धुण्यात आणि वेळण्यात गेलं. ते सगळं म्हशीला. तुम्ही डाळ, मासळी, नाचणी खाता, म्हणून भागतं. जयाला नुसता पांढरा भात, आणि गजाला तिचं दूध. कोंबड्यांना तिचं उष्टं. ब्रह्मदेशात पांढऱ्या भातावर राहिलेले शिपाई पाहिलेत मी. पायाला असेच खळगे पडायचे. आणि तिथल्या बायका सांगायच्या, अशा आईच्या पोराचा आधी आवाज बसतो."

"मग विष कुणी घातलं?" मागून कुणीतरी ओरडलं.

"कुणीच नाही."

सोनुबाई पुढं आली. "घरातला सगळ्यात चांगला भात घातला मी तिला."

"हो, वहिनी. तोच."

चिंधीचा दंड धरलेला हात सुटला. ती घरी गेली नाही, सरळ बाळंतखोलीत गेली.

डॉक्टर दिवेलागणीला आला. त्यानं आधी गजाला सुई दिली, मग जयाला. "चार दिवस आधी आणायचं होतं," तो म्हणाला.

ते चार दिवस घरानं विष शोधण्यात घालवले होते.

जयाचा दम दुसऱ्या दिवशी उतरला. पुढं ती कोंड्याची पेज पिऊन उठली, हिंडू लागली. गजा नागू भोईर कडावला, १९६३ सालच्या माघी पौर्णिमेला सकाळी वारला.