कुलथे वकिलांनी उचललेली चप्पल

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे साक्रीकडच्या गावांत शेंबडं पोरही सांगतं. पण ज्या घरातला तरणाताठा पोरगा ट्रकखाली जातो, त्या घराला शहाणपण शिकवायला कोणी जाऊ नये. मंजुळाबाई दिराला, धनसिंगला, सोबत घेऊन धुळ्याला गेली आणि अपघाताचे दावे चालवणाऱ्या कुलथे वकिलांना वकीलपत्र देऊन आली. कुलथे मूळचे नगरकडचे. अंगठा उठवताना तिला एवढंच कळलं, की माणूस भला आहे. तिची समजूत चुकली नव्हती, हेच तर वाईट.

वना तिचा एकुलता एक. नवरा आधीच गेलेला. सायकलला कॅन अडकवून पोरगा साक्रीला दूध घालायचा. एका संध्याकाळी परतताना हायवेवर मागून ट्रक आला आणि सगळं संपलं. चितेवर ठेवतानाही पोराचं तोंड तिला कोणी नीट पाहू दिलं नाही.

रस्त्यावर गेलेल्याचा जीव रस्त्यावरच घुटमळतो, असं त्यांच्याकडे मानतात. त्याला घरी आणावं लागतं. अमावस्येला, दिवेलागणीच्या सुमारास, आईने त्या जागी जायचं, तिथे पडलेली त्याची एखादी वस्तू उचलायची, पूर्ण नाव घेऊन ‘चल घरी’ म्हणायचं आणि मागे न पाहता चालू लागायचं. घरी ताट वाढलेलं असतं. तो येतो, जेवतो आणि मग शांतपणे पुढच्या वाटेला लागतो. वनाची एक चप्पल रस्त्याच्या खाली, बाभळीच्या काट्यांत अडकलेली होती. मंजुळाबाईने ती मुद्दाम तशीच राहू दिली होती. दाव्याचं काय व्हायचं ते होवो, पोराला एकदा आपल्या हातचं जेवू घालायचं, एवढ्यासाठी ती जगत होती.

अमावस्येच्या आधीच वकील जीप करून जागा बघायला आले. उन्हात बिचारे पावलांनी रस्ता मोजत फिरले. मग त्यांची नजर बाभळीकडे गेली. काट्यांत हात घालून, ओरखडे सोसून त्यांनी चप्पल बाहेर काढली.

“ही कोणाची?”

“मना वनानी शे, साहेब…”

“म्हणजे ट्रक रस्ता सोडून इथपर्यंत खाली आला होता. मोठा पुरावा आहे हा, बाई.” त्यांनी चप्पल स्वतःच्या रुमालाने पुसली आणि पिशवीत ठेवली. “मुलाचं पूर्ण नाव काय म्हणालात?”

“वना सुकदेव पाटील,” धनसिंगने सांगितलं.

“वना सुकदेव पाटील,” वकिलांनी लक्षात राहावं म्हणून मोठ्याने म्हटलं आणि ड्रायव्हरला हाक मारली. “चल रे, घरी.”

आणि मागे न पाहता ते जीपकडे गेले.

मंजुळाबाई दोन पावलं त्यांच्यामागे गेली आणि थांबली. एवढा शिकलेला माणूस आपल्यासाठी उन्हातान्हात आलेला, त्याला सांगायचं तरी काय? जीप निघाली तेव्हा तिची मागची बाजू जराशी दबली. धनसिंगने ते पाहिलं.

अमावस्येला मंजुळाबाईने तिथला एक खडा उचलला. घसा बसेपर्यंत नाव घेतलं. घरी कळण्याची, त्यांच्याकडची ज्वारी-उडदाची भाकरी, ठेचा, वरून तेलाची धार, सगळं वनाच्या आवडीचं. ताट सकाळपर्यंत तसंच राहिलं. वाऱ्याने दारसुद्धा हललं नाही. तेव्हा ती रडली, इतकी की धनसिंगची बायको घाबरून शेजाऱ्यांना बोलावून आली.

पुढच्या तारखेला कोर्ट आटोपल्यावर ती वकिलांच्या घरी गेली. दिवे लागत होते. वकील ओट्यावरच बसले होते. माणूस निम्मा झाला होता.

“साहेब, ती चप्पल माले दी द्या. दावा नही लढना माले.”

वकिलांनी आत, घराच्या मागच्या बाजूला नजर टाकली. मग हलक्या आवाजात म्हणाले, “बाई, आमच्या घरात सायकल नाही. तरी रोज या वेळी मागच्या दारी कोणीतरी सायकल लावतं… स्टँडचा आवाज येतो. मग माझी बायको, कुंदा, उठते आणि दार उघडते.”

“मंग दी द्या ना, साहेब.”

“मी द्यायला तयार आहे हो… ती देत नाही. आम्हाला मूलबाळ नाही. नवस झाले, डॉक्टर झाले. इतक्या वर्षांत ती अशी हसलेली मी पाहिली नव्हती.” त्यांनी तोंड फिरवलं. “तुम्हीच मागून बघा.”

मंजुळाबाई आत गेली. स्वयंपाकघराच्या दाराशीच तिचे पाय थांबले. आतून कळण्याच्या भाकरीचा वास येत होता. नगरकडच्या बाईला ही भाकरी कोणी शिकवली असेल? कुंदाबाई पाठमोऱ्या बसून भाकरी थापत होत्या. समोर पाट, पाटापुढे ताट. पाटावर कोणी नव्हतं.

“बाहेरच थांबा तुम्ही,” कुंदाबाई मान न वळवता म्हणाल्या. “त्याला जेवताना कोणी आलेलं आवडत नाही.”

“बाई… मना पोऱ्या शे तो.”

कुंदाबाईंचे हात थांबले नाहीत. आता त्या खोलीत कोणीतरी जेवत असल्याचा आवाज येऊ लागला. सावकाश, भुकेल्या माणसाचा. तो आवाज मंजुळाबाईने वनाच्या लहानपणापासून ऐकलेला होता, मांडीवर घेऊन पहिला घास भरवला तेव्हापासून. भीती कुठल्या कुठे गेली. अख्खा जीव गळ्यात आणून तिने हाक मारली.

“वना… ए वना… मी उनू रे…”

चावणं थांबलं.

पाटाच्या जागेवरून त्याचा आवाज आला. तोच, दुधाच्या फेरीहून आल्यावर असायचा तसा थकलेला.

“माय… बाहेर कोन शे?”

मंजुळाबाईने उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण त्याने तिला विचारलंच नव्हतं. कुंदाबाईंनी तव्यावरची भाकरी काढली, ताटात वाढली आणि तिच्याच बोलीत, तिच्याइतक्याच मायेने म्हणाल्या,

“कोनी नही रे, वना. तू जेव.”

आणि चावण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला.