एकोणीस जणींचा धैर्यांक

सन २०३६च्या उन्हाळी सत्रात तापी विद्यापीठात भुसावळच्या एका महिला बचत गटातील बावीस जणींची धैर्यांक-चाचणी झाली, म्हणजे पैसा गुंतवताना त्या किती धीट आहेत हे यंत्राने मोजले. सगळ्यांची वये सत्तरीच्या पुढची होती. त्यांपैकी एकोणीस जणींचा धैर्यांक शंभरात नव्वदच्या वर निघाला. त्याच आठवड्यात त्याच यंत्राने सहा मुरलेल्या सटोडियांचीही चाचणी घेतली होती. त्यांतला सर्वांत मोठा आकडा एकाहत्तर होता.

त्या एकोणीस जणींपैकी यमुनाबाई भंगाळे हर्षदा कोठावदेच्या वाट्याला आल्या होत्या. हर्षदा पोर्टफोलिओ व्यवस्थापन शिकत होती. माणसाची पुंजी शेअर, रोखे, ठेवी आणि सोने यांत कोणत्या प्रमाणात विभागायची हे ठरवणे म्हणजे पोर्टफोलिओ बांधणे. शेवटच्या सत्रात तो खऱ्या माणसाच्या खऱ्या पैशांचा बांधावा लागे. यमुनाबाईंचे अकरा लाख होते, दवाखान्यात तीस वर्षे आया म्हणून राबून साठवलेले. त्यांच्यापाशी दुसरे काही नव्हते. धैर्यांक चौऱ्याण्णव, म्हणून नियमाप्रमाणे त्यांतले नऊ लाख नवख्या कंपन्यांच्या शेअरमध्ये जाणार होते. शुक्रवारपर्यंत हर्षदाने सही केली नाही, तर ती नापास होणार आणि विभागाचा संगणक ती गुंतवणूक परस्पर करून टाकणार.

"मॅडम, त्या मला सरळ म्हणाल्या, शेअर म्हटलं की पोटात गोळा येतो," हर्षदा म्हणाली.

डॉ. इंद्रायणी सबनीस मेंदूशास्त्रज्ञ होत्या. धैर्यमापक त्यांनीच घडवला होता. "तोंडी उत्तर ग्राह्य नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "माणूस तेजीत स्वतःला वाघ समजतो आणि मंदीत सगळं विकून मोकळा होतो. म्हणून आपण त्याला विचारतच नाही. टोपीतले संवेदक मेंदूतल्या दोन हालचाली टिपतात. नकोशा गोष्टीपासून मन मागे सरतं ती माघार, हव्याशा गोष्टीकडे झेपावतं ती ओढ. कानात तीस वाक्यं ऐकवायची, ओढीतून माघार वजा करायची. उरतो तो धैर्यांक."

"आणि यमुनाबाईंची माघार?"

"जवळजवळ शून्य. माझी एकसष्ट आहे. तुझ्या यमुनाबाई माझ्यापेक्षा शूर आहेत, असं यंत्र म्हणतंय."

"तुम्हाला पटतंय ते?"

"पटण्याचा प्रश्न नाही. मोजमाप तीनदा तपासलंय, यंत्रात बिघाड नाही. कारण सापडलं तर घेऊन ये."

बुधवारी दुपारी हर्षदा यमुनाबाईंच्या घरी गेली, तेव्हा त्या पिशवी भरत होत्या. भाचीच्या लग्नाला नाशिकला निघायचे होते. हातातल्या पाटल्या काढून त्यांनी रुमालात बांधल्या.

"बस माय. एवढं जावेकडे देऊन येते. गाडीत गर्दी, अंगावर जोखीम नको."

हर्षदा उभीच राहिली. "काय नको म्हणालात, मावशी?"

"जोखीम. सोनं-नाणं गं. तुम्ही काय म्हणता त्याला?"

"आम्ही... धोक्याला म्हणतो."

"धोक्याला धोका म्हणावं की," यमुनाबाई हसल्या. "एवढं शिकवतात आणि हे नाही शिकवत?"

हर्षदा पिशवीशेजारी खाली बसली. "मावशी, त्या टोपीत आवाज काय विचारत होता, आठवतं?"

"आठवतं ना. जोखीम घ्याल का, जोखीम सांभाळाल का, जोखीम वाढली तर कसं वाटेल. मला तर हसूच आलं. वाढली तर कुणाला वाईट वाटतं? बोलायचं नाही म्हणून टोपी घालणारी पोरगी दटावत होती, नाहीतर तिथंच म्हणणार होते, वाढव बाई, दोन तोळे तरी वाढव."

गुरुवारी हर्षदाच्या सांगण्यावरून सबनीसांनी वाक्ये तीच ठेवून फक्त 'जोखीम'च्या जागी 'धोका' घातला. प्रवास एक दिवस पुढे ढकललेल्या यमुनाबाईंनी पुन्हा टोपी चढवली. धैर्यांक अकरा आला. उरलेल्या अठराजणींपैकी एकीचाही वीसच्या वर गेला नाही. पहिल्या चाचणीत कमी आकडा आलेल्या तिघी कोण, तेही सबनीसांनी पाहिले. तिघीही बँकेतून निवृत्त झालेल्या होत्या. कर्जाच्या कागदांवर हा शब्द त्यांनी रोज वाचला होता. त्यांचा आकडा दोन्ही वेळा जवळपास तोच राहिला.

"मॅडम, हे शब्द ठरवताना यंत्र कुणावर पारखलं होतं?"

"इथल्याच दोनशे विद्यार्थ्यांवर. सगळे तुझ्या वयाचे." सबनीसांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "त्यांच्यात कुणी पाटल्या सांभाळत नव्हतं."

यमुनाबाईंचे अकरा लाख ठेवींत आणि रोख्यांत ठेवायचे ठरले आणि हर्षदाने त्यावर सही केली. मग तिने मागच्या तीन वर्षांची यादी उघडली. सत्तरीपुढच्या आणि नव्वदच्या वर धैर्यांक असलेल्या चारशे बारा स्त्रिया तीत होत्या. त्यांचे पैसे केव्हाच नवख्या कंपन्यांत गेले होते आणि त्या कंपन्यांपैकी निम्म्या बंद पडल्या होत्या. प्रत्येकीच्या नावापुढे 'तोंडी शेरा' असा एक रकाना होता. तीनशे सत्त्याण्णव जणींच्या रकान्यात जवळजवळ एकच मजकूर होता: भीती वाटते म्हणतात. त्याखाली शिक्का होता: ग्राह्य नाही.

सबनीसांनी अहवाल स्वतः लिहायला घेतला. कारणाच्या जागी त्यांनी तीन वाक्ये लिहिली. या स्त्रियांना जोखीम म्हणजे जपायचे सोने एवढेच माहीत होते, म्हणून तो शब्द ऐकून त्या भ्यायल्या नाहीत. आपल्याला भीती वाटते असे त्यांनी सांगितले होते. ते ऐकायचे नाही, असा नियम मी केला होता.