टक्... एकदाच

हे माझ्याच बाबतीत घडलंय. कुणाच्या मावसभावाच्या मित्राचं ऐकून सांगत नाही. पटत नसेल तर पुढे जा, मी कुणाच्या हातापाया पडणार नाही.

आणि रात्रबित्र नव्हती. रविवार, दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. गॅरेज बंद, शटर अर्धं खाली, आत मी एकटी.

बाबा गेल्यावर गॅरेज काकांच्या हातात आलं आणि त्यांनी मला फोन उचलायला बसवलं. तीन वर्षं भांडून एक इंजिन मिळवलं, एका टॅक्सीवाल्याचं. खोललं मी, बांधलंही मीच.

शनिवारी सुरू केलं... आणि मागून निळा धूर.

काका सगळ्यांसमोर हसले. "पिस्टनच्या रिंगा बसल्या नाहीत. स्वेटर विणायचा होता का बाईसाहेब? सोमवारी सकाळी धूर दिसला, तर परत फोनजवळ. कायमची."

निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, हे शेंबडं पोरही सांगेल. पण शिरतंय कुठून? रिंगांचा दोष असेल तर गाडी दामटली की धूर वाढतो. हा मात्र गाडी तासभर उभी ठेवून सुरू केली की भपकन यायचा, मग साफ. म्हणजे ऑइल वरून झिरपतंय.

मी मोठ्याने म्हणाले, "व्हॉल्व्हचं सील."

टक्.

माझा हात तिथेच थांबला.

बाबा कामात बोलायचे नाहीत. कुणी चुकलं की चौदा नंबरचा पाना टेबलावर एकदा वाजवायचे. बरोबर असलं की दोनदा. माझ्यासाठी दोनदा कधीच वाजला नाही.

तो पाना खिळ्याला टांगलेला होता. तीन वर्षं कुणी हात लावला नव्हता.

आता तो हलत होता...

शेजारचं फडकं मात्र जागचं हललं नव्हतं.

"सील," मी पुन्हा म्हणाले.

टक्.

"मग काय... रिंगा?"

टक् टक्.

जन्मात पहिल्यांदा दोनदा वाजला. आणि तोही काकांच्या उत्तरासाठी!

भीती होतीच. पण डोकं त्याहून जास्त फिरलं. "जिवंतपणी भावाचीच री ओढलीत बाबा, मेल्यावरही तेच? इंजिन माझं आहे. मी सीलच बघणार."

वरचं कव्हर खोलायला घेतलं. प्रत्येक बोल्टला... टक्.

मग इंजिनावर सावली पडली. माझी नव्हे. माझी डावीकडे होती.

मानेवर कुणीतरी श्वास सोडला.

"बाजूला व्हा," मी मागे न बघता म्हणाले. "उजेड अडतोय."

सावली सरकली...

तिसऱ्या सिलिंडरच्या सीलची कड फाटलेली होती. सील बसवताना व्हॉल्व्हच्या टोकावर प्लास्टिकची टोपी घालतात, नाहीतर टोकाची खाच ती कड कापते. नेमकं त्या वेळी काकांनी फोनसाठी हाक मारली होती. मी परत आले आणि टोपी विसरले. चूक माझीच, मान्य.

पण सीलच होतं. नवं बसवलं, या वेळी टोपी घालून.

सोमवारी काकांनी धुराड्यासमोर स्वतःचा पांढरा रुमाल धरला. गार इंजिन सुरू केलं. रुमाल पांढराच राहिला.

"नशीब," काका म्हणाले.

"नशीब नाही, सील. आणि तो फोन वाजतोय, तुम्हीच उचला."

सगळे पांगले. मी कव्हरवर हात ठेवून उभी राहिले. दोनदा वाजेल म्हणून. खोटं कशाला बोलू, वाट बघत होते.

टक्.

एकदाच.

तो पाना मी भंगारात दिला. माझ्यासमोर टेम्पोत गेला.

तरी प्रत्येक इंजिन बंद केलं की आवाज येतो. एकदाच. टॅक्सीवाला त्याच गाडीतून रोज आपल्या दोन पोरींना शाळेत सोडतो. धूर नाही, तक्रार नाही. ते इंजिन मी दोनदा पुन्हा खोलून पाहिलं. काही सापडलं नाही.

मग बाबा चूक कशाला म्हणतायत?

काल सातवं इंजिन बांधलं. टक्.

"वाजवा," मी म्हणाले. "आठवंही मीच बांधणार."

मग शटर लावलं, चार पावलं गेले... आणि परत फिरून एकूण एक बोल्ट तपासला.