म्हातारीची बाज

शुभम, तो फोन ठेव आधी. वर बघ. चार चांदण्यांची चौकट दिसते? पुस्तकात सप्तर्षी म्हणतात. आपल्यात ती म्हातारीची बाज, आणि शेपटीच्या तीन चांदण्या म्हणजे बाज पळवणारे चोर. म्हातारी रात्रभर त्यांच्या मागे फिरते. म्हणून उघड्या आभाळाखाली आजाऱ्याची बाज तिघं उचलत नाहीत. चौथा लागतोच.

आमच्या रघूने उचलली. मावसभाऊ माझा, त्याच्याच तोंडून ऐकलंय.

गेल्या वर्षीची वैशाख पौर्णिमेची रात्र. सारा गाव हळदीला गेलेला. रघूने तुळशीला, म्हणजे बायकोला, परसातून चार लाकडं आणायला धाडलं. तिथे घोणस चावली. दवाखान्याची गाडी रेवसच्या रस्त्यावर आली, पण मधल्या वाटेवर उधाणाचं पाणी. उरला खाडीचा बांध. तुळशीला घरातल्या बाजेवर निजवलं. घरात माणसं किती, तर रघू, तुळशीचा भाऊ रितेश आणि शेजारचा गणराज.

रितेश म्हणाला, "भावोजी, तिघांनी न्हाय उचलायची."

"मग मरू दे हिला?"

निघाले. पुढे दोघं, मागे एकटा रघू. आपणच हिला धाडलं, एवढंच त्याच्या डोक्यात. अर्ध्या बांधावर मागे चिखलात पावलं वाजायला लागली... बारकी, थकलेली. कुणी वळून बघितलं नाही.

मग रघूच्या कानाशी कुणीतरी बोललं.

"माझी बाज ठेव."

"आये, बायको हाय माझी. पाया पडतो."

"ठेव..."

बाज जड झाली. आणखी जड. गणराजचा गुडघा टेकला. तुळशी कण्हायची थांबली.

रघू ढसाढसा रडायला लागला. "घे तुझी बाज. हिला तेवढी सोड."

बाज टेकवली. तुळशीला पाठीवर घेतलं. पळाला. ते दोघंही पळाले. मागे बाजेचा काथ्या करकरला... कुणीतरी आडवं झालं होतं.

मग काहीच नाही.

तुळशी वाचली. बरेच दिवस अलिबागला दवाखान्यात होती. बांधावर बाज सापडली नाही. उधाणात वाहून गेली असेल, असं रघूने धरलं. दुसऱ्या दिवशी घराला कुलूप लावून तो तिच्याजवळ जाऊन राहिला.

तिला घेऊन परत आला. संध्याकाळ होती. कुलूप जसंच्या तसं. त्याने दार उघडलं.

बाज आत होती. भिंतीशी, नेहमीच्या जागी.

काथ्या मधोमध खोल गेलेला. रघूने तिथे हात ठेवला...

ऊब होती.