मधोमध फोडलेला कोहळा

गच्चीचं दार ओढून घ्या आधी. आणि दिव्यश्री, तो नवा कॅमेरा पिशवीत घाल बघू. रात्रीचे फोटो काढायचेत म्हणतेस ना, मग माझ्या शेजारच्या रघुनंदनचं काय झालं ते ऐकून घे. नंतर काढ हवे तेवढे.

रघुनंदन इथलाच, बनशंकरीतला, आमच्याच गल्लीत राहतो. नोकरी ऑफिसातली आणि हौस फोटोची. कसले फोटो? डासाचा डोळा, झुरळाची मिशी. त्याची बायको हेमलता स्वयंपाकघरात झुरळ मारायला चप्पल उचलायची आणि हा मध्ये आडवा, "थांब, आधी फोटो." पुढं त्याच्या डोक्यात इन्फ्रारेडचं खूळ शिरलं. जुना कॅमेरा उघडून आतली एक काच काढून घेतली, म्हणजे आपल्याला न दिसणारा उजेड त्याला दिसतो. त्यात झाडं पांढरीफटक येतात आणि आकाश काळं. तसला एक टॉर्चही आणला. लावला तरी आपल्याला अंधारच, कॅमेऱ्याला मात्र लख्ख.

दोन वर्षांपूर्वीची खंडेनवमी, इथले कानडी लोक आयुधपूजा म्हणतात ती. रात्रीचे अकरा वाजून गेलेले. त्याची मुलगी अनुषा, दुसरीतली पोर, तापानं फणफणलेली. औषधं बदलून झाली, ताप हटेना. हेमलतानं तिच्यावरून आणि नव्या स्कूटरवरून कुंकू भरलेला कोहळा उतरवला आणि नवऱ्याच्या हातात दिला.

"चौकात कडेला फोडा आणि मागं न बघता सरळ घरी या. पोरगी सारखी तुम्हालाच विचारतेय."

"सरी, बरं," म्हणाला आणि निघाला. खांद्याला कॅमेऱ्याची पिशवी होतीच.

त्या रात्री चौकात पाय ठेवायला जागा नसते, ठाऊक आहे तुम्हाला. घरोघरचे कोहळे फुटलेले, सगळीकडं कुंकवाचा चिखल. चौकातला दिवा गेलेला. यानं कोहळा कडेला नाही फोडला. रस्त्याच्या मधोमध फोडला. का, तर फोटोत मधोमध बरा दिसतो. असल्या माणसाला काय म्हणायचं सांगा. मला आजही राग येतो त्याचा. मागं न बघता घरी यायचं सोडून तो तिथंच कॅमेरा काढून, तो टॉर्च लावून उकिडवा बसला.

स्क्रीनवर सगळं कुंकू पांढरं दिसत होतं. इन्फ्रारेडमध्ये तसंच दिसतं, त्याला माहीत होतं. पण त्याच्या कोहळ्यापासून हातभर पुढं एक डाग काळा होता. काळा आणि ओला. तिथं तर कोणी काही फोडलं नव्हतं. मोबाइलचा उजेड टाकून पाहिलं. कोरडं डांबर. पुन्हा स्क्रीनवर पाहिलं. काळा. आधीपेक्षा पसरलेला.

ती जागा त्याच्या ओळखीची होती.

आदल्या वर्षीही यानं तिथंच, मधोमध कोहळा फोडला होता आणि फोटो काढून तसाच टाकून आला होता. पहाटे एक पोरगा बाइकवरनं येताना त्यावर घसरला. मागून पाण्याचा टँकर. डोकं उरलं नाही त्याचं, पायातला एक बूट उडून पार गटारात. कोहळा कोणाचा ते कोणालाच कळलं नाही. यानंही सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही.

मग उठून पळावं की नाही माणसानं? घरी पोर तापलेली. पण हौस वाईट. यानं अगदी जवळून फोटो काढायची लेन्स लावली आणि कोपरं टेकून रस्त्यावर आडवा झाला. डागात काहीतरी होतं. केस... आणि एक दात.

मागून आवाज आला. अगदी सभ्य.

"अण्णा, स्वल्प बाजूला व्हा."

"एक मिनिट." याची नजर कॅमेऱ्यातच.

"अण्णा..."

"अरे, एक मिनिट म्हणतो ना."

मग काही नाही. कुत्रीसुद्धा गप्प.

मग दोन हात. मागून. दोन्ही कानांवर. ओले...

डोकं धरून उचललं त्याला. पाय सुटले. मान कडकन वाजली. ओरडायला तोंड उघडलं तर त्यात अंगठा घुसला. जबडा खाली ओढला. निखळेपर्यंत ओढला.

आणि फिरवला त्याला. गोल. एकदा. परत. परत... तेव्हा त्याला कळलं. आपण कोहळा उतरवतो ना, तसं.

कोणावरून उतरवत होते, ते दिसलं नाही.

मग आपटला. तोंडावर. कॅमेऱ्याची काच डोळ्यात गेली. उचलला. आपटला. दात रस्त्यावर. परत उचलला... फुटेपर्यंत आपटतात, तसा. तो अनुषाला हाक मारत होता. तोंडातून नुसतं रक्त येत होतं.

...

एका ऑटोवाल्यानं रघुनंदनच्याच मोबाइलवरून मला फोन केला. मी धावलो, हॉस्पिटलात नेलं. कवटीला तडा. जबडा मोडलेला. एक डोळा कायमचा गेला. हे सगळं त्यानं मला पुढं कितीतरी दिवसांनी सांगितलं, थांबत थांबत, रडत. त्या रात्री त्याच्या तोंडून एकच शब्द मला समजला. "घरी."

पहाटे मी त्याच्या घरी गेलो. हेमलताला अजून काही कळवलं नव्हतं. तिनं दार उघडलं. चेहरा शांत.

"एवढ्या पहाटे, काका? हळू बोला. हे झोपलेत."

"कोण?"

"हे. रात्रीच आले की. दार लोटलेलंच होतं. पोर जागी होईल म्हणून मी दिवा नाही लावला. पायरीवरच्या बादलीत पाय धुतले, आत आले, तिच्या उशाशी बसले. बोलले नाहीत काही... ताप उतरला बघा तिचा."

कोहळा फोडून आलेला माणूस पाय धुतल्याशिवाय घरात शिरत नाही. आपल्यात तशीच रीत आहे.

मी तिला बाजूला सारून आत गेलो. अनुषा एकटीच झोपलेली. कपाळ गार. श्वास नीट चाललेला. खोलीत दुसरं कोणी नाही. दुसरं दार नाही. खिडकीला गज.

मागं वळलो. बादलीतलं पाणी लाल होतं. पायरीपासून पलंगापर्यंत ओली पावलं. एक अनवाणी... एक बुटाचं.

सगळी आत जाणारी.